नाताळच्या टेबलावर लाल आणि हिरवं : बडोद्यातल्या एका पार्टीच्या लेबलांचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्याच्या फतेगंज भागातल्या एका सोसायटीचं. तिथं नाताळच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये लांबलचक टेबल मांडतात आणि घराघरातून एकेक पदार्थ येतो. यजमान घर मराठी ख्रिस्ती, मूळ नगरकडचं, पण आता पक्कं बडोद्याचं. बाकीच्यांत वैष्णव गुजराती आहेत, जैन आहेत, आमच्यासारखी मराठी घरं आहेत, एक केरळी कुटुंब आहे. मी घरून लग्नामुंजीच्या पत्रिका, बारशाचे फलक, दारावरच्या पाट्या हातानं लिहून देते. म्हणून टेबलावरच्या पदार्थांची लेबलं करायचं काम यजमान काकूंनी माझ्याकडे दिलं.

लेबल म्हणजे डिशपुढे उभं राहणारं, नाताळच्या थाटात शोभेल असं घडीचं कार्ड. वरवर पाहता दोन तासांचं काम. पण आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलावर कार्डावरचं नाव नंतर वाचलं जातं, रंग आधी वाचला जातो. आणि नाताळचे जे दोन रंग, तेच आपल्या खाण्यापिण्यात आधीपासून दुसरं काहीतरी सांगत असतात. सगळी अडचण आणि सगळी गंमत तिथं आहे.

आधीच्या वर्षी

आधीच्या वर्षी बाजारातून तयार कार्डांचा संच आणला होता. दिसायला छान: अर्धी कार्डं लाल, अर्धी हिरवी, कोपऱ्यात चमकीचं झाड, मधे नाव लिहायला पांढरी जागा. ज्याच्या हाती जे कार्ड आलं ते त्यानं आपल्या डिशपुढे ठेवलं. बिनअंड्याच्या केकपुढे लाल गेलं, चिकन कटलेटपुढे हिरवं.

बिनअंड्याचा केक जवळजवळ तसाच उरला. आणि चौथ्या मजल्यावरच्या बांनी हिरवं कार्ड बघून कटलेट ताटलीत घेतलं. सुनेनं वेळेवर हटकलं म्हणून निभावलं. बा कुणाला काही बोलल्या नाहीत. ताटली खाली ठेवली आणि पाणीही न घेता वर निघून गेल्या. काकूंना ते फार लागलं होतं. घरी आलेलं माणूस उपाशी गेलं, तेही सणाच्या दिवशी.

कार्डावर 'चिकन कटलेट' लिहिलेलं होतं, रोमन लिपीत आणि ठळक. बांनी ते वाचलं नाही, कारण हिरवं दिसल्यावर वाचायचं काही उरलंच नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यापासून नूडल्सच्या पाकिटापर्यंत चौकोनातला हिरवा ठिपका बघून वस्तू उचलायची सवय आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना आहे. मांसाहारी पदार्थाची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांत ती चौकोनातला तपकिरी त्रिकोण झाली, म्हणजे ज्याला रंगांतला फरक कळत नाही त्यालाही आकारावरून ओळखता येते. बोलताना मात्र आपण त्या खुणेला सर्रास 'लाल ठिपका'च म्हणतो. तेव्हा लाल कार्ड दिसलं की शाकाहारी माणसाचा हात आपोआप मागे येतो, कुणी सांगावं लागत नाही.

चिठ्ठ्या

कागद-रंगाकडे वळण्याआधी मी घरोघरी एक चिठ्ठी दिली. पदार्थ कोणता, एवढ्यावर भागणारं नव्हतं. अंडं आहे का. मांस, मासे किंवा जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होणारं) आहे का. कांदा-लसूण आहे का. बटाटा, गाजर, ओलं आलं, रताळं असं जमिनीखालचं काही आहे का. कशात तळलं किंवा भाजलं. शेंगदाणे-काजू-बदाम आहेत का. आणि एक अट: चिठ्ठी जो पदार्थ करणार त्यानंच भरायची. घरच्या दुसऱ्या माणसाला 'केक' एवढंच ठाऊक असतं. आत काय पडलंय ते पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाच माहीत.

या चिठ्ठ्या परत आल्या आणि नुसत्या नावाचं लेबल किती तोकडं पडतं ते दिसलं.

मार्झिपान घ्या. काकूंच्या जाऊबाई मुंबईहून शिकून आल्यात: काजूची पूड, साखर, गुलाबपाणी, आणि सांधायला अंड्याचा पांढरा भाग. साच्यातून काढलेली ती रंगीत फुलं बघून आपल्याकडचा माणूस हमखास काजूकतलीच समजणार. नाव वाचूनही त्याला अंड्याचा संशय येणार नाही. केकवरच्या कडक पांढऱ्या आयसिंगचंही तसंच, रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भागच असतो. म्हणजे खालचा केक बिनअंड्याचा असून वरचा थर अंड्याचा असू शकतो.

मग उंधियू. डिसेंबरात गुजरातेत कुठलंही सामूहिक जेवण उंधियूशिवाय होत नाही, नाताळही अपवाद नाही. उंधियू शाकाहारीच, पण त्यात जांभळा कंद, रताळं, बटाटा आणि सुरती पद्धतीचं असेल तर भरपूर हिरवा लसूण. हिरव्या खुणेवर विसंबून जैन माणसानं ते घेतलं तर त्याचीही फसगतच. कच्च्या केळ्याचं, कंदाविना केलेलं उंधियू दुसऱ्या एका घरून येणार होतं. दोन पातेली, दोन्हींवर तेच नाव, आणि खाणारी माणसं मात्र वेगळी.

सगळ्यात काळजीची चिठ्ठी तेलाची. इथं घरोघर सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल. दुसऱ्या मजल्यावरच्या शाळकरी मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी सक्त ताकीद दिलेली. नुसत्या गाळलेल्या सिंगतेलात शेंगदाण्यातली प्रथिनं राहू शकतात, म्हणून त्याची आई तेही टाळते. करंजीत शेंगदाणा नसतो, कुलकुलमध्ये (नाताळातल्या शंकरपाळ्यासारख्या गोड पदार्थात) नसतो, कटलेटमध्ये नसतो, पण तिन्ही तळली जातात. एरवी हे मूल पार्टीत आईच्या मागे मागे फिरतं आणि आई प्रत्येक डिशपाशी तोच प्रश्न विचारते. शेवटी मूल वेफर्स खाऊन घरी जातं.

केकमधल्या फळांचाही असाच न विचारला जाणारा प्रश्न होता. प्लम केकचा सुका मेवा रममध्ये मुरवायची पद्धत सगळ्यांनी ऐकलेली आहे. गुजरातेत दारूबंदी राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून आहे, कायदा तर त्याच्याही आधीचा, 1949 चा. काकूंच्या घरी बेदाणे, खजूर, संत्र्याची साल आणि चेरी संत्र्याच्या रसात मुरतात, दालचिनी-लवंग-जायफळ घालून. चव उत्तम येते. पण पाहुण्याच्या मनात शंका असते आणि यजमानाला तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, म्हणून तो 'नको, पोट भरलंय' म्हणतो. कार्डावर 'संत्र्याच्या रसात मुरवलेला मेवा' ही एक ओळ आली की विचारायचं कारणच उरत नाही.

माझ्या मते टेबलावरच्या लेबलाची सगळी किंमत इथं आहे. पाहुण्याला न विचारता, न अवघडता घेता आलं पाहिजे. सुंदर दिसणं हवंच, पण ते या कामाला धरून.

'जैन' लिहायचं की नाही

तळमजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "तुम्ही सरळ 'जैन' लिहा ना, हॉटेलात लिहितात तसं. आम्हाला पटकन सापडतं."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. तरी मी तो शब्द मोठा करून लिहिला नाही, आणि त्यांना कारणही सांगितलं. आमच्या सोसायटीतले वैष्णव कांदा-लसूण खात नाहीत पण बटाटा खातात. काही मराठी घरं मार्गशीर्ष पाळतात, त्या महिन्यात अंडं-मटण बंद, आणि नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षातच येतो. केरळी काका सगळं खातात, फक्त कोळंबी चालत नाही. इतक्या तऱ्हा असताना पदार्थावर माणसांची नावं लिहायला लागलं तर प्रत्येकाच्या नावाची पाटी कुठं लावणार? पदार्थात काय आहे आणि काय नाही ते लिहिलं की ज्याचं त्याला कळतं. 'कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही' हे वाचून जैन बेनही घेतात, वैष्णव काकाही घेतात, आणि ज्याला पित्तामुळे लसूण वर्ज्य तोही घेतो.

बेनना ते पटलं. मात्र त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली जी माझ्या यादीत नव्हती. त्यांच्या सासूबाई सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. डिसेंबरअखेर बडोद्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि पार्टीची वेळ होती सातची. लेबल कितीही अचूक असलं तरी सात वाजता त्याचा त्या सासूबाईंना काय उपयोग? काकूंनी लगेच ठरवलं की कंदमूळ नसलेले पदार्थ पाच वाजताच टेबलावर येतील आणि ज्यांना लवकर खायचं ते खातील.

रंगाचा निर्णय

यावर काकूंशी माझं बरंच बोलणं झालं. मी म्हटलं, कार्डांवर लाल-हिरवं नको.

"अगं, नाताळला लाल-हिरवं नाही तर काय मग? नुसतं पांढरं बरं दिसेल का?"

"लाल-हिरवं राहू द्या ना काकू. टेबलाच्या कापडावर, रिबिनीवर, वरच्या ताऱ्यांवर. फक्त कार्डावर नको. कार्डावर ते दोन रंग खुणेपुरतेच."

मधला मार्ग म्हणून त्यांच्या लेकीनं सुचवलं की शाकाहारी सगळी कार्डं हिरवी करू आणि मांसाहारी सगळी लाल, म्हणजे नाताळही झाला आणि खूणही झाली. सूचना चांगली होती आणि दोन पदार्थांच्या टेबलाला ती पुरलीही असती. अडलं अंड्यापाशी. नियमानं अंड्याचा पदार्थ मांसाहारी खुणेतच येतो. पण प्रत्यक्षात अंड्याचा केक खाणारी आणि चिकन न खाणारी माणसं आमच्या टेबलाभोवती निम्मी तरी असतात. त्यांना लाल कार्डामागे केक आहे की कोंबडी हे पुन्हा वाचायलाच लागणार. शिवाय लाल कार्डांची एक रांग आणि हिरव्यांची एक रांग म्हणजे टेबलाचे दोन भाग पडल्यासारखं दिसतं. ते मला बघवलं नसतं.

शेवटी असं ठरलं. सगळी कार्डं एकाच सायीच्या रंगाची, अक्षरं गडद तपकिरी, सजावट गेरू आणि हळदी पिवळ्या रंगात. उजव्या वरच्या कोपऱ्यात खूण: शाकाहारी असेल तर चौकोनात हिरवा ठिपका, मांस-मासे असतील तर चौकोनात तपकिरी त्रिकोण, आणि फक्त अंडं असेल तर उभा लांबट गोल, पिवळ्या रंगानं भरलेला. ही तिसरी खूण नियमातली नव्हे, आमच्या टेबलापुरती केलेली. म्हणून तिच्याशेजारी 'अंडं आहे' हे शब्द प्रत्येक कार्डावर लिहिले. तिन्ही आकार वेगळे असल्यानं अंधुक उजेडातही ओळखू येत होते.

सजावटीला काय घ्यायचं हे काकूंच्या सासूबाईंनी सोडवलं. आजी म्हणाल्या, "झाड काढू नकोस, झाड आपलं नव्हे. तारा काढ. पूर्वेचे मागी लोक ताऱ्यामागून आले." मत्तयच्या शुभवर्तमानातली, ताऱ्यानं पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना बाळ येशूपर्यंत आणल्याची ती गोष्ट, आणि ख्रिस्ती घरांच्या दारावर डिसेंबरात लागणारा कागदी तारा तिथूनच आलेला. मला तारा आणखी एका कारणानं आवडला: त्याला लाल-हिरवं व्हावं लागत नाही.

कागद, घडी, अक्षर

कारागिरीतल्या ज्या दोन-तीन गोष्टींवर कार्ड उभं राहतं किंवा झोपतं, त्या सविस्तर सांगते.

साधा झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) असतो. त्याचं घडीचं कार्ड गरम पातेल्याजवळ वाफेनं मऊ पडून फाकतं. मी 250 जीएसएमचं आयव्हरी कार्ड घेतलं. ए-फोर आकाराच्या कागदाचे, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटरचे, आडवे दोन आणि उभे तीन असे सहा तुकडे पडतात, एक चिंधीही वाया जात नाही. प्रत्येक तुकडा 105 बाय 99. आता घडी कुठून घालायची हा खरा प्रश्न. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या बाजूनं घातली तर स्वच्छ बसते, ग्रेन तोडून घातली तर जाड कागदाच्या कडेला भेगा पडतात आणि कार्ड पुन्हा उघडायला बघतं. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूला कमी अडतो ती ग्रेन. ए-फोर कागदात ती बहुधा लांबीच्या दिशेनं असते, माझ्या कागदातही तशीच होती. म्हणून घडी 99 च्या बाजूला समांतर घातली आणि कार्डाचा दर्शनी भाग 99 रुंद, साडेबावन्न उंच असा मिळाला. घडीआधी स्टीलची पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्यायची. एवढं केलं की घडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ येते.

उंचीचा हिशेब रोमन लिपीच्या सवयीनं करू नये. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार. नावाचं अक्षर मी दहा मिलिमीटरचं धरलं आणि वर-खाली सात-सात मिलिमीटर मोकळे सोडले. 'कुलकुल' आणि 'उंधियू' लिहून बघितलं की हे मोकळेपण किती लागतं ते कळतं. कट निब, म्हणजे टोक तिरकं कापलेली निब, वापरणार असाल तर रोमनसाठी कापलेली निब देवनागरीला लावू नका. आपल्याकडे काप उलट्या बाजूला तिरका लागतो, नाहीतर जाड रेघ पातळ जागी आणि पातळ रेघ जाड जागी जाते. बोरूनं शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. शाई पिगमेंटची, पाण्यानं न पसरणारी. जेल पेनचं अक्षर तुपाचं बोट लागताच पसरलं, हे घरीच ताटलीवर घासून बघितलं होतं.

सोनेरी शाईचा मोह मात्र सोडावा लागला, आणि तो सोडणं सोपं नव्हतं, कारण सायीच्या कागदावर सोनेरी अक्षर दिवसा फार देखणं दिसतं. आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पिवळ्या माळा लावून एक नमुना ठेवला. समोरून बघितलं तर अक्षर चमकतं, अर्धं पाऊल बाजूला सरकलं की गायब. चालत चालत टेबलापुढून जाणाऱ्या माणसाला ते वाचताच येणार नाही. सोनेरी रंग मग फक्त ताऱ्यांच्या टोकांना ठेवला.

तारे कुठं काढायचे? शिरोरेघेखाली. देवनागरी नावाची शिरोरेघ शेवटच्या अक्षरापुढे थोडी वाढवली आणि तिच्यावरून बारीक दोऱ्यानं लोंबणारे दोन-तीन तारे काढले, एक लांब, एक आखूड. काकूंच्या दारावरही तारा तसाच लोंबतो. मला स्वतःला या कामातली ही सगळ्यात आवडलेली जागा. आपल्या लिपीनं सजावटीला आयती दोरी दिलेली आहे, तिला 'हॉली' या विलायती झुडपाची पानं आणि घंटा बाहेरून आणून चिकटवायची काय गरज?

नाव देवनागरीत, कारण ते मराठी, हिंदी आणि बहुतेक गुजराती माणसं सहज वाचतात. त्याखाली 'आत काय' ही ओळ गुजरातीत, कारण बांसारखी वडीलधारी माणसं देवनागरी वाचतात खरी, पण गुजराती झरझर वाचतात, आणि जी ओळ चुकून चालणार नाही ती त्यांच्या सवयीच्या अक्षरात हवी. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे वरचं नाव आणि खालची ओळ एकमेकांत मिसळत नाहीत, दोन्ही निरनिराळी उठून दिसतात.

घडीच्या कार्डाला मागची बाजूही असते, आणि ती बहुतेक जण कोरी ठेवतात. आमचं टेबल भिंतीला समांतर होतं: पाहुणे एका बाजूला, वाढणाऱ्या बायका-मुली दुसऱ्या बाजूला. म्हणून मागच्या बाजूवर वाढणारीसाठी सूचना लिहिल्या. 'चमचा हिरव्या रिबिनीचा, दुसरीकडे घालू नये.' 'सिंगतेल. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला नको.' 'संपलं तर काकूंच्या फ्रिजवरचा डबा.' चमचा इकडचा तिकडे गेला की पुढच्या बाजूचं सगळं अचूक लेबल खोटं पडतं, आणि ते पाहुण्याला दिसतही नाही.

काय टेबलापासून दूर ठेवलं

चमकी नाही. कागदकामाची चमकी प्लॅस्टिकची असते, ती झडते आणि केकवर पडली तर दिसतही नाही. टाचणी-स्टेपल पदार्थात किंवा पदार्थावर नाही. कार्ड टेकवायला दालचिनीच्या जाड कांड्या घेतल्या, त्यांत कटरनं उभी खाच पाडली की कार्ड नीट उभं राहतं आणि वासही छान येतो.

हिरवळ म्हणून मोरपंखीच्या डहाळ्या मिळाल्या, सोसायटीच्या कुंपणालाच आहे. ती डिशमध्ये नव्हे, टेबलाच्या कडेनं बांधली, कारण ती खायची गोष्ट नाही. कुणीतरी कण्हेरीची लाल-गुलाबी फुलं आणली होती, ती मी हात जोडून परत पाठवली. कण्हेरीचं पान, फूल, फांदी सगळं विषारी, तिला अन्नाच्या टेबलावर जागा नाही.

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, जवळ आलेलं असल्यानं बाजारात पतंगाचा कागद ढिगानं होता. त्याचे तारे केले आणि माळेवर टांगले, दिव्यासमोर ते सुरेख पारदर्शक दिसतात. कार्डावर तो कागद चिकटवावा असं मुलांच्या मनात होतं. ओल्या बोटानं एक तुकडा चिमटीत धरून दाखवला, बोटं जांभळी झाली. रस्सा किंवा वाफ लागली की तो रंग सोडतो, म्हणून तो वरच राहिला. चेफिंग डिशच्या ज्योतीजवळची कार्डं मी डिशच्या पुढे न ठेवता बाजूला वीतभर अंतरावर ठेवली.

संध्याकाळ

पाच वाजता पहिले पदार्थ आले आणि तळमजल्यावरच्या सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी कच्च्या केळ्याचं उंधियू घेतलं, काकूंच्या करंज्या घेतल्या. करंजीच्या कार्डावर 'तुपात तळलेली. मैदा, खोबरं, खसखस, साखर' असं होतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

सातनंतर गर्दी झाली. मी टेबलाच्या टोकाला उभी राहून माणसांचे डोळे बघत होते, या कामाची पारख तिथंच होते. बहुतेकांची नजर आधी कोपऱ्यातल्या खुणेवर जायची, मग नावावर, आणि थांबायचं कारण असलं तरच खालच्या ओळीवर. मार्झिपानपाशी कितीतरी हात पुढे आले आणि पिवळा लांबट गोल बघून थबकले. काहींनी 'अंडं आहे' वाचून आनंदानं दोन-दोन उचलली, काहींनी शेजारची चिक्की घेतली. बिनअंड्याचा केक आधी संपला आणि अंड्याचा थोडा उरला. काकूंच्या लेकीला याचं आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही, कारण अंडं खाणाराही बिनअंड्याचा केक खातो.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं स्वतःच कार्डं वाचली. त्याला गुजराती येतं. 'सिंगतेल' दिसलं की पुढे, 'तूप' किंवा 'बेक केलेलं' दिसलं की थांबायचं आणि आईकडे बघायचं. आई मान हलवायची. त्याला केक मिळाला, करंजी मिळाली, मार्शमॅलोही मिळाले, कारण त्यांच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आणि घटकांची यादी बघून मगच ते मांडले होते. एरवी मार्शमॅलोत जिलेटिन असतं, तेव्हा ही तपासणी चुकवू नये.

बा आल्या, जरा उशिरानं. सून बरोबर होतीच. बांनी कटलेटपाशी थांबून त्रिकोणाकडे बोट दाखवलं, सुनेला विचारलं, आणि पुढे होऊन हिरव्या ठिपक्याचे मटारचे कटलेट घेतले. नंतर त्या काकूंजवळ बसून बराच वेळ बोलत होत्या.

एक गोष्ट अपुरी पडली ती उजेडाची. टेबलाच्या दूरच्या टोकाला माळ विरळ होती, तिथली गुजराती ओळ वाचायला लोक मोबाईलचा दिवा लावत होते. अक्षर मोठं करायला कार्डावर जागा नाही. तेव्हा पुढच्या वेळी त्या टोकाला एक टेबललॅम्प ठेवायचा, आणि ज्या पदार्थांत ॲलर्जीचा प्रश्न आहे ते पदार्थ उजेडाखाली मांडायचे.

पुढे

कार्डं काकूंनी उघडून, सपाट करून, केकच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. त्यातली नेहमीच्या पदार्थांची चालतील, पण चिठ्ठी दरवर्षी नव्यानं भरून घ्यायची असं ठरलंय. तीच करंजी एका वर्षी तुपात तळली जाते, दुसऱ्या वर्षी तेलात, आणि जुनं सुंदर कार्ड तिच्यापुढे ठेवणं हे कार्ड नसण्याहून वाईट.

उत्तरायणाला गच्चीवर पुन्हा उंधियू होणार आहे, दोन्ही तऱ्हांचं. तिथं वाऱ्यात घडीची कार्डं टिकणार नाहीत, म्हणून तेच तीन आकार आणि 'कंदमूळ आहे / नाही' ही ओळ मी पातेल्यांच्या झाकणांवर चिकटवायच्या पट्ट्यांवर लिहायला घेतली आहे. झाकण उघडून बाजूला ठेवलं की खूणही बाजूला जाईल, ही अडचण बेननी आधीच काढली. म्हणून प्रत्येक पट्टीची जोडी करायची: एक झाकणाला, एक पातेल्याच्या कानाला दोऱ्यानं बांधून.